बायना वैनीची निवळी

हातगुण! हा शब्द कुणी माझ्यापुढं काढला की माझं डोकंच फिरतं. कुणी म्हणतं अमक्या डॉक्टरचा हातगुण चांगला, कुणी म्हणतं तमकीच्या हातचा काढा लागू पडतो. मी म्हणते, बाबांनो, हात साबणानं धुवा आन् गप बसा. माणसं हसतात, म्हातारी चिडकी झाली म्हणतात. आता कुठं झाली? जन्मापासून चिडकीच हाय मी. पण ह्याच शब्दावर का चिडते, ते आजवर कुणाला बराबर सांगितलं न्हाई. सांगायचं तर बायना वैनीपासून सुरुवात करावी लागंल.

बायना म्हणजे माझ्या भावाची, रायभानची, बायको. आमचं घर हसनाबादचं, धनगराचं. थोडी शेती, पन्नास-साठ शेरडं-मेंढरं आन् दोन म्हशी. वैनीच्या माहेराला तर घरच नव्हतं. तिची माणसं आठ महिने मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायची, रात पडंल तिथं पाल ठोकायची. ती लग्न होऊन आली तवा निजामाचं राज्य होतं, मी अकरा वर्षांची होते आन् ती पंधराची असंल. दारात उतरली तवा तिच्या पदराच्या टोकाला चांगली घट्ट गाठ होती. मला वाटलं, आत खोबरं-खारीक हाय. सोडून बघते तर काय, वाळून कडक झालेलं पिवळं फडकं!

"हे काय गं?" मी इचारलं.

"विरजण," ती म्हणाली. "मायनं दह्यात भिजवून वाळवून दिलंय. दुधात टाकलं की दही लागतं. पालावरून लेक सासरी जाती तवा आमच्यात हेच देतात."

मी हसत हसत पळत जाऊन मायला सांगितलं. माझी माय साखराबाई, सगळं हसनाबाद तिला वचकून राहायचं. तिला लईच राग आला. "आमच्या घरात आजवर दही लागत नव्हतं व्हय? फेक ते उकिरड्यावर!" वैनीनं मान हलवली, बाहेर गेली, आन् मागच्या दारानं आत येऊन ते फडकं दुधाच्या गाडग्यात टाकलं. मी बघितलं. चुगली मात्र केली न्हाई, तेवढंच काय ते पुण्य माझ्या नावावर.

आठ दिवसांनी वैनीनं पहिल्यांदा शेळीची धार काढली आन् दुसऱ्या दिवशी त्या शेळीची कास दगडी झाली. दगडी म्हणजे जनावराच्या कासेचा रोग. कास घट्ट होती, चटका बसावा अशी तापती, दुधाच्या जागी गुठळ्या येतात, मंग पू आन् रक्त. पाचव्या दिवशी शेळी मेली, तिच्या मागं दोन्ही करडं मेली. झालं! मायनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "हात वाईट हाय पोरीचा." त्या दिवसापासून वैनीनं दावणीला हात लावायचा न्हाई, नव्या करडाला लावायचा न्हाई, गल्लीत कुणी बाळंत झालं तर त्या घरची पायरी चढायची न्हाई. चूल, भांडी, शेण, दूध तापवणं आन् विरजण लावणं, एवढीच कामं तिची. सांजच्याला अंधाऱ्या कोपऱ्यात बसून ती गाडग्यात बोटभर दही ढवळायची. त्या कामाला कोण काम म्हणतं?

आता बघा. दगडी झाली की दह्याच्या निवळीनं, म्हणजे दह्यावर जे पाणी सुटतं त्यानं, कास धुवायची, हा आमच्या लोकांचा जुनाच उपाय. माय तो आधीपासून करायची. दहातलं एखादं जनावर उठायचं, बाकीची जायची. वैनी आली त्या सालापासून दहातली आठ उठायला लागली! माय तीन वेळा निवळीनं कास धुवायची, हलक्या हातानं चोळायची, चौथ्या दिवशी जनावर रवंथ करायचं. भोकरदनपासून लोक शेळ्या, गाई, म्हशी घेऊन यायला लागले. सगळ्यांच्या तोंडी एकच, "साखराबाईचा हातगुण!" आमचं ताकसुद्धा त्या सालापासून तिसऱ्या दिवसापर्यंत नासत नव्हतं, दुसऱ्यांचं दुसऱ्याच दिवशी आंबूस होऊन जायचं. हेबी माय आपल्याच हातावर घ्यायची. त्या साली घरात नवीन काय आलं, हे कुणाच्याच ध्यानात आलं न्हाई. मी फडकं बघितलं होतं, पण माझ्याबी डोक्यात उजेड पडला न्हाई.

माझं लग्न झालं ते वाटूरला, परतूरकडं. नवऱ्याचं नाव कडूबा. माणूस गरीब सभावाचा, माझ्या जिभेला त्यानं कसं सहन केलं त्यालाच ठाऊक. दहा वर्षं मला लेकरू न्हाई. उपास झाले, अंगारे झाले, सवत आणायची बोलणीसुद्धा झाली. आन् मंग पंचेचाळीस सालच्या उन्हाळ्यात मला लेक झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, पण सासू म्हणाली, इतक्या वर्षांनी दिवस राह्यलेत, गाडीचे हेलकावे नकोत. म्हणून वाटूरलाच बाळंत झाले. पोरगी गोरी, डोक्यावर हे एवढं जावळ. नाव ठेवलं साळू. मी तिला खाली ठेवत नव्हते, सासू म्हणायची, अगं, तिची पाठ तरी जमिनीला लागू दे.

पंधराव्या दिवशी माझं उजवं थान दुखायला लागलं. दोन दिवसांत ते लालबुंद झालं, घट्ट झालं, अंगात ताप फणफणला. लेकरानं तोंड लावलं की मी किंचाळायची. तापानं दुसऱ्या बाजूचं दूधबी आटत चाललं. जनावराला होती तीच दगडी, दुसरं काय! मी कडूबाला म्हणलं, "जल्दी जा आन् मायला घेऊन या. तिच्या हाताशिवाय मी वाचत न्हाई."

कडूबा परतूरहून रेल्वेनं जालन्याला गेला, तिथून मिळंल त्या गाडीनं हसनाबादला. माय नेसत्या लुगड्यावर निघाली. निघताना वैनी गाडगं घेऊन पुढं आली आन् म्हणाली, "आत्याबाई, आपल्या घरचं दही संगं न्या." मायनं तिला झिडकारलं. "वाटूरला काय दही मिळत न्हाई? गुण माझ्या हाताला हाय, तुझ्या गाडग्याला न्हाई!" हे मला दादानं, रायभाननं, मागाहून सांगितलं.

माय आली तवा मला वाटलं, सुटले. तिनं माझ्या सासूच्या गाडग्यातल्या दह्याची निवळी घेतली आन् त्याच हातानं, त्याच रीतीनं धुवायला बसली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. माझं थान काळं-निळं पडलं, पाचव्या दिवशी फुटलं आन् पू वाहायला लागला. साळूला शेळीचं दूध कापसाच्या वातीनं पाजत होते. ते तिच्या पोटात ठरत नव्हतं. पोरगी रडायची थांबली, नुसती तोंड उघडून बघायची. मायनं स्वतःचे हात डोळ्यांपुढं धरले, उलटे केले, सुलटे केले. "कुठं गेला गं माझा गुण?" ती म्हणाली. माझी माय भेदरलेली मी पहिल्यांदा बघितली, आन् मंग मीबी भेदरले.

तिकडं हसनाबादला निराळंच घडून राह्यलं होतं. पुंजाराम नावाचा शेतकरी दगडीची शेळी घेऊन आमच्या दारात आला. वैनी म्हणाली, "आत्याबाई न्हाईत. माझा हात वाईट हाय, मी लावत न्हाई." पुंजाराम रडकुंडीला आल्ता. म्हणाला, "बाई, तुम्ही हात लावूच नका. नुस्ती निवळी द्या, मीच धुतो." तिनं दिली. चौथ्या दिवशी शेळी उड्या मारायला लागली. पुंजारामच्या हातावर तर आजवर कोंबडंसुद्धा जगलं नव्हतं! वैनी हबकलीच. मायचा हात नसतानाबी गुण आलाच कसा? तेवढ्यात वाटूरचा दुसरा निरोप पोचला, की मायच्या हातानं काही होत न्हाई, झुंबर, म्हणजे मी, आन् लेकरू दोघींचं खरं न्हाई. वैनी दादाला म्हणाली, "मला वाटूरला न्या." दादा म्हणाला, "येडी झालीस का? बाळंतिणीकडं तू?" ती म्हणाली, "न्या, न्हाईतर मी पायी जाते." जन्मात ती नवऱ्याला उलट बोलली नव्हती.

दोघं तिसऱ्या दिवशी दुपारी वाटूरला उतरली. वैनीच्या डोक्यावर ओल्या फडक्यात गुंडाळलेलं गाडगं होतं. माय दारात आडवी झाली. "तू? माझ्या लेकीच्या खोलीत?"

"आत्याबाई, मी आत येत न्हाई," वैनी म्हणाली. "आपल्या घरचं दही आणलंय. तुम्हीच लावा. गुण बहुतेक ह्याच्यात हाय."

आता माय घमेंडीची. चौदा वर्षांचं नाव एका वाक्यात गेलं की तिचं! "म्हणजे माझ्या हातात काहीच न्हाई, हे सांगायला आलीस?" ती वरडली. पण मायचं सोडा. मायला मी समजावू शकले असते. आत खाटेवर मी होते, शुद्धीवर होते, सगळं ऐकत होते. मी काय बोलले ते ऐका. मी बोलले, "तिला माघारी लावा. ते गाडगं आत आणू नका. तिच्या हातचं काही माझ्या लेकराजवळ आलं तर मी जीव देईन!" हे मीच म्हणलं, ह्याच तोंडानं.

वैनी माघारी गेली न्हाई. ओसरीवर बसली. माझ्या सासूकडून वाटीभर दूध मागून घ्यायची, विरजण मोडू नये म्हणून सांजच्याला त्यात ढवळायची. दोन दिवस बसून होती. मी कूस बदलली की दारातून मला तिचा गुडघा दिसायचा आन् मी तोंड फिरवायची. तिसऱ्या दिवशी दिवस उगवायच्या वक्ताला साळू गेली. माझ्या कुशीतच होती. मला वाटलं, झोपली.

मंग माझं कशातच ध्यान राह्यलं न्हाई. माणसं पोरीला घेऊन गेली, मी भिंतीकडं बघत पडले. वैनी दारात येऊन उभी राह्यली. "झुंबरबाई, लावू का?" मी म्हणलं, "काय करायचं ते कर." तिनं हात पुढं केला आन् थांबली. पुन्हा इचारलं, "हात लावला तर चालंल का?" मी हुंकार दिला. तिनं निवळीनं जखम धुतली, फडकं भिजवून ठेवलं. दिवसातून चार वेळा. दुसऱ्याच दिवशी ताप उतरला. पाचव्या दिवशी पू आटला. सातव्या दिवशी मी उठून बसले आन् दोन्ही बाजूंनी दूध वाहायला लागलं. स्वच्छ, पांढरं दूध, आन् प्यायला कुणी न्हाई! मी असा हंबरडा फोडला की अर्धं वाटूर गोळा झालं.

महिन्यानं दादानं मला हसनाबादला आणलं. तिथं सलोत्री साहेब येऊन बसले होते. सलोत्री म्हणजे जनावरांचे डॉक्टर. भोकरदनला नेमणूक, बोलणं उर्दू-मराठी मिसळून. मायच्या हातगुणाला ते आधीपासून हसायचे, पण पुंजारामच्या शेळीची बातमी ऐकून त्यांचं हसणं थांबलं होतं. माझीबी हकीकत त्यांनी ऐकली आन् म्हणाले, "एक तपास करू या. बिलकुल साधा."

त्यांनी दोन पेले उकळत्या पाण्यातून काढले. दोन्हींत तापवून निववलेलं दूध ओतलं, दोन्हींत दगडीच्या शेळीचा एक-एक थेंब पू टाकला. मंग शेजारच्या घरची निवळी आन् आमच्या घरची निवळी वेगवेगळी गाळून घेतली आन् दोन्ही चांगली उकळली. माय म्हणाली, "उकळल्यावर त्यात काय राह्यलं?" साहेब म्हणाले, "तेच तर बघायचंय." शेजारची निवळी त्यांनी मायच्या हातानं पहिल्या पेल्यात टाकायला लावली. आमची निवळी वैनीच्या हातानं दुसऱ्यात. चांगला हात तिकडं, वाईट हात इकडं. दोन्ही पेले फडक्यानं झाकले आन् भिंतीतल्या देवळीत ठेवले. माय दिवसभर देवळीसमोरून हलली न्हाई, भाकरीसुद्धा तिथंच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात पंधरा-वीस माणसं जमली. साहेबांनी पहिलं फडकं काढलं आन् असा घाण वास सुटला की लोकांनी नाकाला पदर-टोप्या लावल्या. दुधाला तार सुटली होती, हिरवट पाणी झालं होतं. मायच्या हातचा पेला तो! मंग दुसरं फडकं काढलं. दूध जसंच्या तसं. साहेबांनी वास घेतला, पुन्हा घेतला, आन् खालीच बसले. "या अल्ला," ते म्हणाले.

मंग त्यांनी सांगितलं. दही लागतं म्हणजे दुधात बारीक जंतू वाढतात, डोळ्याला दिसत न्हाईत. सगळ्या घरचे जंतू सारखे नसतात. बायनाच्या विरजणातले जंतू पाण्यात काहीतरी सोडून राह्यलेत, आन् त्यानं दगडीचे जंतू मरतात. "उकळल्यावर दह्याचे जंतू मेले," ते म्हणाले, "पण त्यांनी सोडलेली चीज मेली न्हाई. ती औषध हाय. तिकडं विलायतेत बुरशीतून असंच एक औषध काढलंय, लढाईतल्या शिपायांच्या जखमांना लावतात. आन् इथं तुमच्या गाडग्यात चौदा वर्षं जंतू जंतूला मारून राह्यलाय!"

"मंग हात?" मायनं इचारलं. तिचा आवाज मला ओळखू आला न्हाई.

"हाताचा काही संबंध न्हाई, माँजी. चांगल्याचाबी न्हाई, वाईटाचाबी न्हाई. हे विरजण आलं कुठून?"

वैनीनं लुगड्याचा पदर धरला आन् हळूच सांगितलं, "माझ्या मायनं फडक्यात दिलं होतं." मायनं डोळे मोठे करून तिच्याकडं बघितलं. चौदा वर्षं जिला दावणीला उभं केलं न्हाई, तिच्याच मायच्या जिवावर आपलं नाव झालं, हे तिला तिथं सगळ्यांसमोर कळलं. माझ्या मायची अशी अवस्था बघायची मला हौस होती लहानपणी. त्या दिवशी बघवली न्हाई.

साहेबांनी वैनीला सांगितलं, फडकी भिजवून वाळवा, गावोगाव द्या, मी नेऊन देतो. तिनं बरीच वर्षं दिली. अंतरवालीपर्यंत गेली तिची फडकी. पण ते पुढचं. त्या दिवशी साहेब उठता उठता माझ्याकडं बघून म्हणाले, "बहन, तुझ्या बच्चीचं ऐकलं. लई वाईट झालं. ही निवळी तुला लागली कधी?"

"लेकरू गेलं त्याच दिवशी," दादा म्हणाला.

साहेबांनी मान हलवली. "दोन दिवस, फक्त दोन दिवस आधी लागली असती तर ताप उतरला असता. दूध आलं असतं. पोरगी बहुतेक वाचली असती. बाई, तुम्ही इतका वेळ का लावला?"

सगळं अंगण वैनीकडं बघायला लागलं. दादानं तोंड उघडलं. तेवढ्यात वैनीच बोलली.

"माझीच चूक, साहेब. मी निघायलाच उशीर केला."

मायनं मान खाली घातली. दादा बायकोकडं बघत राह्यला आन् तिनं त्याला डोळ्यानं गप केलं. वैनीनं माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई, पेले उचलले आन् घासायला घेऊन गेली. मी म्हणायला पाहिजे होतं. जीभ एवढी लांब माझी, उभ्या जन्मात कुणाचं ऐकून घेतलं न्हाई, आन् त्या वक्ताला माझ्या तोंडातून एक शब्द निघाला न्हाई.

त्याच्यावर तीस वर्षं वैनी जगली. तीस वर्षं हसनाबादची माणसं तिच्या माघारी म्हणायची, औषध हिच्याच घरात होतं आन् नणंदेच्या लेकरासाठी ही वेळेवर गेली न्हाई. माझ्यासमोरबी म्हणायची. माझी कीव करायची. मी पदर डोळ्याला लावायची आन् ऐकून घ्यायची. वैनी गेली तवाबी कुणीतरी बोललं, आन् तिच्या मैतापुढंसुद्धा मी गप बसले.

आज सांगते. ती वेळेवर आल्ती. दोन दिवस ओसरीवर बसून होती. मीच आत घेतलं न्हाई.